वरून जग्वार, खालून लिंकन? डीईडब्ल्यू९८ प्लॅटफॉर्मची हकिकत

प्रश्न असा आहे: "माझ्याकडे २०१३ची, पुण्यात जुळणी झालेली जग्वार एक्सएफ २.२ डिझेल आहे. एका अनुभवी मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली आणि म्हणाला, 'साहेब, वरून जग्वार, खालून लिंकन.' यात तथ्य किती? आणि तथ्य असेल, तर अमेरिकेतून लिंकनचे स्वस्त सुटे भाग मागवून बसवता येतील का?"

आपला मेकॅनिक वंशावळीच्या बाबतीत बरोबर आहे. सुट्या भागांच्या बाबतीत मात्र त्याच्या वाक्यावर विसंबून एकही ऑर्डर देऊ नका. या दोन विधानांमध्ये विरोध दिसतो, पण तो नाही. तो का नाही हे समजण्यासाठी डीईडब्ल्यू९८ या प्लॅटफॉर्मची हकिकत सुरुवातीपासून सांगावी लागेल. सव्वीस वर्षे मी चासी आणि सस्पेन्शन याच कामात काढली, त्यांतली पहिली काही ड्रॉइंगसमोर आणि उरलेली गाडीखाली. त्यामुळे हे उत्तर थोडे गाडीखालूनच दिलेले वाटेल.

प्लॅटफॉर्म म्हणजे एक तयार सांगाडा असतो आणि त्यावर कंपन्या आपापली टोपणे बसवतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात प्लॅटफॉर्म हा बराचसा ठरावांचा संच असतो. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली भिंत, पुढच्या चाकाच्या आसापासून किती मागे असेल, चालकाचे नितंब जमिनीपासून किती उंचीवर टेकतील, मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टसाठी मधला टनेल किती रुंद ठेवायचा, मागची सबफ्रेम, म्हणजे सस्पेन्शन धरणारी चौकट, बॉडीला कोणत्या चार बिंदूंवर बोल्टने जोडायची, पेट्रोलची टाकी शाफ्टच्या दोन्ही बाजूंना खोगिरासारखी कशी बसवायची, हे एकदा ठरले की त्या बिंदूंना हात लावणे फार महाग पडते. बाकीचे पत्रे, चाक धरणारे आर्म, स्प्रिंगा, सांध्यांतले रबरी बुश हे सगळे बदलत राहते. जुन्या वाड्यांचे जोते दगडी असते आणि वरचे मजले लाकूड-विटांचे. मजले उतरवून नवे चढवले तरी खांब उभे राहतात ते जोत्यावरच्या त्याच तळखड्यांवर. प्लॅटफॉर्मचे नाते साधारण तसे असते.

फोर्डने १९८९ साली जग्वार सुमारे १.६ अब्ज पौंडांना विकत घेतली, तेव्हा हातात आलेल्या कंपनीकडे विकायला मोठी एक्सजे सेदान आणि म्हातारी झालेली एक्सजेएस एवढेच होते. १९९२च्या सुमारास तर जग्वारची जगभरातली वार्षिक विक्री २५ हजारांच्याही आत आली होती. बीएमडब्ल्यूची ५ सीरीज आणि मर्सिडीझची ई-क्लास ज्या वर्गात भरभरून विकल्या जात होत्या, तिथे जग्वारची गाडीच नव्हती. दुसरीकडे अमेरिकेत लिंकन या फोर्डच्याच उंची ब्रँडचे दुखणे वेगळे होते. तिचे गिऱ्हाईक वयस्कर होत चालले होते, आणि चाळिशीतला पैसेवाला माणूस जर्मन शोरूमकडे वळत होता. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच दिसले, मध्यम आकाराची, मागच्या चाकांवर चालणारी, चांगली वळणारी सेदान. दोन ब्रँडसाठी दोन वेगळे सांगाडे करण्याइतकी विक्री एकाचीही नव्हती. म्हणून खर्च वाटून घ्यायचे ठरले आणि त्या कामाला डीईडब्ल्यू९८ असे सांकेतिक नाव मिळाले. डी आणि ई हे आकाराचे वर्ग, डब्ल्यू म्हणजे 'वर्ल्डवाइड', आणि ९८ हे साल.

लिंकन एलएस एप्रिल १९९८मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दिसली, आणि जग्वार एस-टाइप त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला. विक्री दोघींची १९९९मध्ये सुरू झाली. एलएस मिशिगनमधल्या विक्सम कारखान्यात बनत असे, तर एस-टाइप इंग्लंडमधल्या कॅसल ब्रॉमिच येथे. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमाने जिथे मोठ्या संख्येने बनली, तोच हा कारखाना. एस-टाइपचे रूप जग्वारचे डिझाइनप्रमुख जेफ लॉसन यांच्या हाताखाली घडले, आणि त्यात साठच्या दशकातल्या जग्वारची, म्हणजे मार्क २ आणि १९६३च्या मूळ एस-टाइपची आठवण मुद्दाम आणली होती. एलएसचे रूप सरळ रेषांचे, काहीसे जर्मन वळणाचे होते. दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर नाते कुणाला ओळखू येणार नाही, आणि ते येऊ नये हाच हेतू होता.

खाली मात्र सगळे बोलके होते. पुढे आणि मागे दोन्हीकडे असमान लांबीच्या दोन विशबोनचे, म्हणजे त्रिकोणी आर्मचे, स्वतंत्र सस्पेन्शन आणि त्यात ॲल्युमिनियमचा सढळ वापर. त्या काळच्या अमेरिकी सेदानमध्ये हे दुर्मीळ होते. वजन पुढे-मागे जवळपास सारखे वाटले जावे म्हणून एलएसची बॅटरी डिकीत ठेवली होती, आणि वाटणी ५२-४८च्या आसपास आली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर, दोघींचा एकच, २९०९ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

आता इंजिनांकडे पाहू, कारण 'सामायिक' या शब्दाचा खरा अर्थ तिथे उघडा पडतो. जग्वारचे एजे-व्ही८ हे इंजिन १९९६पासून होतेच. एस-टाइपमध्ये ते ४.० लिटरचे आले आणि एलएसमध्ये ३.९ लिटरचे. सिलिंडरचा व्यास दोन्हींत ८६ मिलिमीटर. जग्वारचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, हाही ८६ मिलिमीटर, लिंकनचा ८५. एका मिलिमीटरचा फरक. कागदावर तो ४६ घनसेंटिमीटरचा दिसतो, पण एक मिलिमीटर स्ट्रोक बदलला म्हणजे क्रँकशाफ्ट बदलला, आणि क्रँकशाफ्ट बदलला म्हणजे भागाचा क्रमांक, साठा आणि किंमत सगळेच बदलले. व्ही६ची गोष्ट उलट दिशेने आली. तीन लिटरचा मूळ ब्लॉक फोर्डच्या ड्युरटेक कुळातला, पण जग्वारने त्यावर स्वतःचे हेड आणि व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणा दिली. परिणामी तेच कूळ एस-टाइपमध्ये २४० अश्वशक्ती देत होते आणि सुरुवातीच्या एलएसमध्ये २१०.

माझ्या मते डीईडब्ल्यू९८चा आर्थिक हिशेब फसण्याचे मूळ इथेच आहे. सांगाडा वाटून घेतल्याने खर्च वाचतो तो एकसारख्या भागांची संख्या वाढल्यामुळे. दोन्ही ब्रँडनी आपले वेगळेपण जपण्यासाठी ठिकठिकाणी तो एक मिलिमीटर मागितला, आणि प्रत्येक वेळी बचतीतला एक तुकडा गेला. वेगळेपण नको होते असे मी म्हणत नाही. जग्वारचे गिऱ्हाईक लिंकनचे स्टिअरिंग मुकाट्याने चालवून घेणारे नव्हते. पण पत्र्याखालची एवढी महागडी रचना परवडायला जी विक्री लागते, ती या दोन गाड्यांकडून कधीच येणार नव्हती. एलएसला पहिल्या वर्षात 'मोटर ट्रेंड' मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला. २०००मध्ये तिची विक्री ५० हजारांच्या आसपास गेली आणि त्यानंतर दरवर्षी ओसरत राहिली.

आणखी कुणीतरी भार उचलावा म्हणून तिसरी गाडी आली, ती २००२ची फोर्ड थंडरबर्ड. १९५५च्या मूळ थंडरबर्डची आठवण देणारी ही दोन आसनी उघडी गाडी. तिच्यासाठी सांगाडा मधून आखूड केला आणि व्हीलबेस सुमारे २७२३ मिलिमीटरवर आणला. छप्पर काढले की गाडीचे अंग सैल पडते, म्हणून खालून बोल्टने आडव्या पट्ट्या बसवून ते आवळावे लागले. इंजिन एलएसचे ३.९ लिटरचेच. डॅशबोर्डही बराचसा एलएसचाच ठेवला, आणि त्यावर टीका झाली ती रास्त होती, कारण जुन्या आठवणीसाठी पैसे मोजणाऱ्या माणसाला दार उघडल्यावर समोर ओळखीच्या सेदानची बटणे नको असतात. २००५च्या उन्हाळ्यात ती बंद झाली. एकूण सुमारे ६८ हजार बनल्या. प्लॅटफॉर्मचा खर्च वसूल करायला हा आकडा फार तोकडा होता.

याच काळात फोर्डने जग्वार, लिंकन, ॲस्टन मार्टिन, व्होल्वो आणि नंतर लँड रोव्हर यांची मिळून प्रीमियर ऑटोमोटिव्ह ग्रुप नावाची मोट बांधली होती. बीएमडब्ल्यूतून आलेले वोल्फगांग राइत्सले तिचे प्रमुख होते. २००२मध्ये लिंकन या मोटेतून बाहेर पडली, आणि माझ्या दृष्टीने डीईडब्ल्यू९८चा अमेरिकी पाय तेव्हाच मोडला. फोर्डला मोठ्या सेदानसाठी नवा पाया हवा होता. तो पाया म्हणून व्होल्वोची पुढच्या चाकांवर चालणारी रचना निवडली गेली, कारण ती स्वस्तात आणि मोठ्या संख्येने बनवता येत होती. एलएस २००६मध्ये संपली, विक्समचा कारखाना २००७मध्ये बंद झाला. लिंकनची त्या आकाराची पुढची गाडीही पुढच्या चाकांवर चालणारीच होती.

फोर्डच्या मस्टँग या स्पोर्ट्स गाडीचा उल्लेख इथे करायला हवा, कारण इंटरनेटवर '२००५ची मस्टँग म्हणजे जग्वारच' असे ठोकून दिलेले वारंवार दिसते. त्या गाडीची सुरुवात डीईडब्ल्यू९८च्या हलक्या, स्वस्त आवृत्तीच्या विचाराने झाली हे खरे आहे. पण जी गाडी २० हजार डॉलरच्या आत सुरू व्हायची होती, तिला ३० हजारांपुढच्या गाडीचे सस्पेन्शन परवडणारे नव्हते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट हे साधे, स्वस्त सस्पेन्शन आले आणि मागे आडव्या रॉडने धरलेला एकसंध एक्सल आला, म्हणजे ट्रकसारखा. जुन्या सांगाड्यातले टिकले ते फरशीच्या पत्र्यांचे काही भाग, टनेलचा काही अंश, सांगाड्याच्या पुढच्या तुळयांची धाटणी आणि टाकीची मूळ कल्पना. एवढे बदलल्यावर तिला डी२सी असे स्वतंत्र नाव दिले गेले, आणि ते योग्यच होते. विक्रीच्या हिशेबात मात्र तिने थंडरबर्डला कुठल्या कुठे मागे टाकले. डीईडब्ल्यू९८साठी खर्च केलेल्या विचाराचा सर्वांत जास्त मोबदला फोर्डला तो प्लॅटफॉर्म जवळपास टाकून दिल्यावर मिळाला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

इंग्लंडमध्ये चित्र वेगळे होते. जग्वारकडे दुसरा पर्याय नव्हता, म्हणून तिने हाच सांगाडा घासूनपुसून वापरला. २००२मध्ये, म्हणजे अवघ्या तीन वर्षांत, एस-टाइपचे आतले-खालचे मोठे काम पुन्हा केले गेले. डॅशबोर्ड नवा, पुढच्या सस्पेन्शनची मांडणी नवी, फोर्डच्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकऐवजी झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा बॉक्स, व्ही८ वाढवून ४.२ लिटर, त्यावर सुपरचार्जर बसवलेली एस-टाइप आर, आणि हातब्रेकच्या दांड्याऐवजी बटण. बाहेरून गाडी जवळपास तशीच दिसत होती. गिऱ्हाइकाला जे दिसत नाही त्यावर एवढा पैसा घालणे हे धाडसाचे होते, पण मला तो निर्णय पटतो, कारण पुढची तेरा वर्षे त्यावर निघाली. २००४मध्ये प्युजो-सित्रोएनबरोबर तयार झालेले २.७ लिटरचे व्ही६ डिझेल आले आणि युरोपात एस-टाइपला पुन्हा थोडा दम मिळाला. ती २००७च्या अखेरीस थांबली.

त्याच वर्षी जानेवारीत डेट्रॉइटला सी-एक्सएफ ही कल्पना-गाडी, आणि सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला प्रत्यक्ष एक्सएफ सादर झाली. जग्वारचे डिझाइनप्रमुख इयान कॅलम यांनी एस-टाइपची सगळी जुनी आठवण पुसून टाकली. उतरते छप्पर, मोठे कपाळ, इंजिन सुरू केल्यावर कन्सोलमधून वर येणारा गोल गिअर-नॉब. लोकांना वाटले की गाडी पूर्ण नवी आहे. कारखान्याच्या भाषेत एस-टाइप एक्स-२०० होती आणि एक्सएफ एक्स-२५०, आणि व्हीलबेस तोच, २९०९ मिलिमीटर. बॉडीत जास्त ताकदीचे पोलाद वापरले गेले. सस्पेन्शनचे बरेचसे भाग जग्वारच्याच एक्सके या स्पोर्ट्स कूपेच्या धाटणीचे घेतले. पण जोते तेच राहिले. २००८च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या बॉनविलच्या मिठागरावर एका खास तयार केलेल्या एक्सएफआरने, म्हणजे एक्सएफच्या वेगवान आवृत्तीने, ताशी ३६३ किलोमीटरचा वेग गाठला आणि जग्वारच्याच एक्सजे२२० या सुपरकारचा कंपनीतला विक्रम मोडला. एका लिंकनच्या चुलत बहिणीसाठी हे काही वाईट नव्हे.

दरम्यान जून २००८मध्ये टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना घेतल्या, आणि जून २००९मध्ये त्यांचे दालन मुंबईत उघडले. पुण्यात जुळणीला सुरुवात झाली ती २०११मध्ये, लँड रोव्हर फ्रीलँडर २पासून. एक्सएफची पाळी २०१३च्या जानेवारीत आली. आपली गाडी त्या पहिल्या वर्षातली आहे. तिचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन फ्रीलँडरमधल्या इंजिनाच्या कुळातलेच. फ्रीलँडरमध्ये ते आडवे बसते, एक्सएफमध्ये २०११च्या बदलानंतर उभे, आठ गिअरच्या झेडएफ ऑटोमॅटिकसह. फोर्डच्या दोन वेगळ्या प्लॅटफॉर्मची ही दोन अपत्ये मालक बदलल्यावर पुण्यात एका कारखान्यात शेजारी-शेजारी जुळवली जात होती. मिशिगन आणि कोव्हेंट्रीत बसून ज्यांनी १९९५च्या आसपास हे ठराव केले, त्यांच्या मनात पुणे नक्कीच नसणार.

आता आपल्या मेकॅनिकने लिफ्टखाली काय पाहिले असेल, ते सांगतो, कारण मी स्वतः हे करून पाहिले आहे. एकदा वर्कशॉपमध्ये अलाइनमेंटसाठी एक्सएफ आली होती आणि शेजारच्या जागेत एका हौशी माणसाने परदेशातून आणलेली जुनी एस-टाइप उभी होती. दोन्ही गाड्यांची चाके सरळ करून, हबच्या मध्यावर दोरी धरून जमिनीपर्यंत ओळंबा सोडला, लादीवर खडूने चार खुणा केल्या आणि टेपने मोजले. हाताने मोजताना दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच, पण दोन्ही आकडे एकमेकांना चिकटून आले. मग खालची आवरणे काढून मागच्या सबफ्रेमचे बोल्ट, टनेलची रुंदी आणि टाकीचे खोगीर पाहिले. मांडणी एकच. नंतर लोअर आर्म पाहिले, आणि तिथे मात्र घडणही वेगळी, बुशची जागाही वेगळी, बॉल जॉइंटचा टेपरही वेगळा. आपल्या प्रश्नाचे सगळे उत्तर त्या लादीवर होते.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल ठामपणे सांगतो. लिंकन एलएसचे आर्म, बुश, ब्रेकचे भाग किंवा स्टिअरिंग रॅक 'प्लॅटफॉर्म एकच आहे' या आधारावर आपल्या एक्सएफसाठी मागवू नयेत. अमेरिकेतल्या एलएसचे स्टिअरिंग डाव्या हाताचे, ही एकच गोष्ट रॅकचा विचार संपवते. त्यापुढे २००२चे फेरकाम आहे, २००७ची एक्सके-धाटणी आहे आणि २०११चा बदल आहे. सुरुवातीच्या एस-टाइपचेही भाग आपल्याला फारसे उपयोगी पडणार नाहीत. सुटा भाग नेहमी आपल्या चासी क्रमांकावरून काढलेल्या भाग-क्रमांकानेच घ्यावा, आणि भाग-क्रमांकाच्या शेवटी असलेले अक्षरसुद्धा जुळते का ते तपासावे. त्या अक्षरातच पुष्कळदा तो एक मिलिमीटर लपलेला असतो. स्वस्तात भाग हवाच असेल, तर ज्या बाहेरच्या कंपन्या एक्सएफसाठी बुश आणि बॉल जॉइंट बनवतात, त्यांचा माल वंशावळीतल्या कुठल्याही चुलत बहिणीच्या मालापेक्षा जास्त भरवशाचा.

एक जागा मात्र अशी आहे जिथे नाते आजही हाताला लागते, आणि ते पाहायला गाडी उचलावीही लागत नाही. चाक काढा. पाच स्टड १०८ मिलिमीटरच्या वर्तुळावर बसवलेले दिसतील आणि मधल्या हबचा व्यास ६३.४ मिलिमीटर भरेल. लिंकन एलएसचे माप हेच, एस-टाइपचे हेच, थंडरबर्डचे हेच. फोर्ड मालक होण्याआधीच्या परंपरेतल्या जग्वार एक्सजेचे वर्तुळ १२०.६५ मिलिमीटरचे होते, आणि प्लॅटफॉर्म सोडून गेलेल्या मस्टँगचे ११४.३. अर्थात एवढ्यावरून एलएसची चाके आपल्या गाडीला चढवू नका, कारण चाकाचा ऑफसेट, म्हणजे चाक हबपासून किती आत-बाहेर बसते ते माप, आणि ब्रेक कॅलिपरची जागा वेगळी आहे. शिवाय १०८ ही एकट्या डीईडब्ल्यू९८ची खूण नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या फोर्ड माँडेओवर आधारलेल्या जग्वार एक्स-टाइपलाही तेच माप आहे, आणि तिला लोक एस-टाइपची धाकटी बहीण समजतात ते चुकीचे आहे. ही एकूण फोर्डची खूण आहे.

२०१५मध्ये आपल्या एक्सएफची जागा नव्या एक्सएफने घेतली. तिचा सांगाडा प्रामुख्याने ॲल्युमिनियमचा, फोर्डशी संबंध संपल्यानंतर जग्वारने स्वतः केलेला. व्हीलबेस वाढला, डीईडब्ल्यू९८चा एकही ठराव उरला नाही. तिचेही चाक काढून पाहिले, तर पाच स्टड १०८ मिलिमीटरच्या वर्तुळावरच आहेत.